निवडुंगावरचे दातेरी डाग आणि बुजलेले काटे : नागपूरच्या हवेत वाळवंटी वनस्पती जलरंगात रंगवताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरील उपाय

निवडुंग, घायपात, कोरफड, शेर अशा वनस्पती जलरंगात रंगवणाऱ्यांची एक तक्रार दर वर्षी मार्च संपताना सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. फड्या निवडुंगाच्या रुंद फडीवर एकसंध वॉश (पाण्यात कालवलेल्या पातळ रंगाचा सलग थर) द्यायला घ्यावा, तर कुंचला दुसऱ्या कडेला पोहोचेपर्यंत पहिली कड वाळलेली असते. जोड दिसू नये म्हणून तिच्यावर पुन्हा ओला कुंचला फिरवावा, तर मधोमध दातेरी कडेचा डाग उमटतो. तो झाकण्यासाठी आणखी एक थर द्यावा, तर हिरवा रंग मळतो आणि ज्या काट्यांसाठी कागद पांढरा राखून ठेवला होता, ते काटेही त्या गडबडीत बुजून जातात. यानंतर सहसा रंग बदलले जातात, महागडा कुंचला विकत घेतला जातो आणि पुढच्या चित्रात तोच डाग त्याच जागी पडतो.

माझे मत असे आहे की या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ हातात किंवा रंगात नसून हवेत आणि कागदात आहे. म्हणून दोष शोधण्याचा क्रमही तसाच ठेवावा : आधी खोलीतली हवा, मग कागद, मग कुंचल्यातले पाणी, त्यानंतर रंगांची निवड आणि सर्वांत शेवटी हाताची सफाई. वाळवंटी वनस्पतींच्या बाबतीत हा क्रम पाळणे विशेष गरजेचे ठरते, कारण या झाडांची अंगे मोठी, गुळगुळीत आणि अखंड असतात. कडुनिंबाच्या किंवा गुलमोहराच्या पानोऱ्यात एखादा डाग सहज खपून जातो. घायपाताच्या हातभर लांब पात्यावर त्याला लपायला जागाच नसते.

वॉश नेमका कशामुळे डागाळतो

नागपूर हे वाळवंट नव्हे. येथे वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु मे महिन्यात, त्यातही नवतपाच्या दिवसांत, दुपारचे तापमान ४५ अंशांच्या आसपास असते आणि हवा इतकी कोरडी होते की वाळत घातलेली चादर घडी घालण्याआधीच कडक झालेली असते. जलरंगाची जी इंग्रजी पुस्तके आणि चित्रफिती आपण पाहतो, त्यांतील बराचसा भाग थंड आणि दमट हवेत काम करणाऱ्यांनी तयार केलेला आहे. ‘पहिला थर थोडा ओसरू द्या आणि मग दुसरा रंग सोडा’ असे तेथे सांगितले जाते तेव्हा त्या ‘थोड्या’ वेळाचा अर्थ चार-पाच मिनिटे असू शकतो. आपल्याकडे पंख्याखाली बसून तेवढा वेळ थांबल्यास कागद पूर्ण वाळून गेलेला असतो.

येथे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पहिला दोष म्हणजे कडक कडा. ओल्या थराच्या कडेला बाष्पीभवन सर्वांत वेगाने होते, त्यामुळे आतील पाणी कडेकडे ओढले जाते आणि सोबत रंगाचे कणही तेथे नेऊन टाकते. ओट्यावर सांडलेल्या चहाच्या थेंबाची कड मधल्या भागापेक्षा गडद राहते, ती याच कारणाने. हवा जितकी कोरडी, तितकी ही क्रिया वेगवान आणि कड तितकी ठळक. दुसरा दोष म्हणजे दातेरी डाग. अर्धवट ओसरलेल्या थरावर त्याहून अधिक ओला कुंचला टेकला की नवे पाणी कागदाच्या तंतूंमधून आजूबाजूच्या कमी ओल्या भागाकडे पसरते, वाटेतील रंग पुढे ढकलते आणि जेथे त्याचा जोर संपतो तेथे तो रंग वेड्यावाकड्या रेषेत साचतो. कडक कड ही उशीर झाल्याची खूण आहे, तर दातेरी डाग ही उशीर झाल्यानंतरही पाणी वाढवल्याची खूण आहे. चित्रात कोणती खूण अधिक दिसते ते पाहिल्यास उपाय कोठे करायचा ते कळते.

कागदाची ओल ओळखण्यासाठी घड्याळाचा उपयोग नाही. ती डोळ्यांनीच ओळखावी लागते. बोर्ड खिडकीसमोर धरावा आणि नजर कागदाच्या पातळीपर्यंत खाली आणावी. पाणी नुकतेच लावलेले असते तेव्हा खिडकीचे प्रतिबिंब कागदावर आरशासारखे स्पष्ट दिसते. या अवस्थेत रंग सोडला तर तो वाटेल तिकडे धावतो. त्यानंतर प्रतिबिंब धूसर होते आणि कागदाचा खरखरीत पोत त्यातून वर येऊ लागतो, मात्र चकाकी टिकून असते. फडीच्या कडेचा पिवळसर हिरवा आणि सावलीतील निळसर हिरवा एकमेकांत मिसळायचे असतील, तर ते याच वेळी. त्यापुढे चकाकी एकदम मावळते आणि कागद नुसताच गडद दिसतो. ही सर्वांत फसवी अवस्था आहे, कारण कागद वाळल्यासारखा वाटतो, पण हाताची मागील बाजू जवळ नेली की गार लागतो. या अवस्थेत ओला कुंचला कागदाला टेकवूच नये. येथे फार तर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने घट्ट रंगाची एखादी रेघ मारता येते, पाणी मात्र अजिबात नाही. मे महिन्यात दुसरी अवस्था फार थोडी टिकते, एवढाच काय तो फरक. अवस्थांचा क्रम बदलत नाही.

ही दुसरी अवस्था लांबवणे हाच खरा उपाय असून त्यासाठी पुढील गोष्टी उपयोगी पडतात, आणि त्यांतही मी पहिल्या दोन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व देतो.

पहिली गोष्ट म्हणजे कामाची वेळ आणि खोलीतील वारा. उन्हाळ्यात मोठे वॉश सकाळी सहा ते साडेआठ या वेळात उरकावेत आणि दुपार काट्यांसाठी, सावल्यांसाठी, बारीक कामासाठी ठेवावी. विदर्भातील घरात कूलर असतोच आणि तो या कामी वरदान ठरू शकतो, कारण ओल्या ताट्यांतून येणारी हवा खोलीतील आर्द्रता चांगलीच वाढवते. मात्र तोच कूलर थेट बोर्डाकडे तोंड करून ठेवला, तर एका बाजूचा कागद वाळतो आणि दुसरी बाजू ओलीच राहते. फडीच्या डाव्या अंगाला कडक कड आणि उजव्या अंगाला ओघळ, अशी विचित्र चित्रे बहुधा याच कारणाने तयार होतात. कूलर अर्धा तास आधी लावावा, त्याचे तोंड भिंतीकडे वळवावे, वॉश देताना छताचा पंखा बंद ठेवावा. घाम पुसण्यासाठी मनगटाखाली जुना सुती रुमाल ठेवावा, कारण घामाच्या थेंबानेही हुबेहूब तसाच दातेरी डाग पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद दोन्ही बाजूंनी भिजवणे. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), शंभर टक्के सुती कागद असेल तर त्याची मागची बाजू रुंद कुंचल्याने भरपूर ओली करावी, तो काचेवर किंवा अॅक्रिलिकच्या पत्र्यावर पालथा न घालता सुलटा टेकवावा, मग पुढची बाजू ओली करावी, पाच मिनिटे थांबून पुन्हा एकदा ओली करावी आणि वरचे साचलेले पाणी टिपकागदाने किंवा स्वच्छ फडक्याने उचलून घ्यावे. तंतूंच्या आतपर्यंत मुरलेले पाणी खालून पुरवठा करत राहते. काचेतून ते कोठे जाऊ शकत नाही, म्हणून भर उन्हाळ्यातही शांतपणे काम करण्यापुरता वेळ मिळतो. या पद्धतीत अडचण एकच : सगळा कागद ओला असल्याने रंग रेषेबाहेर पसरतो. त्यामुळे ती घायपाताच्या झुबक्यासाठी आणि पार्श्वभूमीसाठी उत्तम, पण एकट्या काटेकोर फडीसाठी तेवढी सोयीची नाही. एकट्या फडीसाठी फक्त तिच्या आकारापुरते पाणी दोनदा लावावे, आणि ते बाह्यरेषेच्या केसभर आत थांबवावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतात. रंग लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेवावा, कारण वॉश अर्ध्यावर असताना वाटीत रंग संपणे याला कोणताही उपाय नाही. कुंचला दहा किंवा बारा क्रमांकाचा गोल घ्यावा. चार क्रमांकाच्या कुंचल्याने तळहाताएवढी फडी भरायला घेणे म्हणजे कडक कडांना आमंत्रण देणे होय. बोर्डाची वरची बाजू थोडी उचललेली असावी, म्हणजे वॉशच्या खालच्या कडेला रंगाचा एक जाड ओला थेंब साचून राहतो आणि प्रत्येक नवा फटकारा त्या थेंबालाच खाली ओढत नेतो. तो थेंब जिवंत आहे तोपर्यंत जोड दिसत नाही. कालवलेल्या वाटीभर रंगात औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन दोन-तीन थेंब घातल्यास वाळण्याचा वेग कमी होतो. त्याहून अधिक घालू नये, कारण ग्लिसरीन हवेतील ओलावा धरून ठेवते आणि असे चित्र पावसाळ्यात पुन्हा चिकट होते.

डाग पडलाच तर तो ओला असताना दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. पूर्ण वाळू द्यावा, मग स्वच्छ, पिळलेल्या सपाट कुंचल्याने डागाची फक्त दातेरी कड हलक्या हाताने चोळून टिपकागदाने उचलावी. अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट हे निळे आणि मातकट रंग यातून बरेचसे निघतात. थॅलो निळा आणि थॅलो हिरवा तंतूंना धरून बसतात आणि चोळल्याने कागदच उखडतो. फड्या निवडुंगाच्या बाबतीत एक पळवाट निसर्गानेच ठेवलेली आहे. जुन्या फडीवर उन्हाने भाजल्याचे पिवळट, भुरे, खडबडीत चट्टे असतातच. डाग योग्य जागी पडला असेल तर त्याला असा चट्टा करून टाकणे मला गैर वाटत नाही.

कागद मेलेला असल्यास

वरील सर्व उपाय करूनही वॉशमध्ये बारीक गडद ठिपके उमटत असतील आणि रंग टीपकागदात शिरावा तसा आत मुरत असेल, तर दोष कागदाच्या साइझिंगचा आहे. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनचा किंवा तत्सम पदार्थाचा लेप दिलेला असतो आणि त्यामुळेच रंग काही काळ पृष्ठभागावर राहतो. दमट जागेत ठेवलेल्या कागदातील हा लेप ठिकठिकाणी निकामी होतो. तपासणी सोपी आहे : कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा, तो फुगीर राहिला तर कागद चांगला, लगेच पसरून गडद झाला तर तो कागद वॉशसाठी वापरू नये. असा कागद फेकूनही देऊ नये. पेन्सिलची रेखाटने, गव्हाश (दाट, अपारदर्शक जलरंग) किंवा रंगांच्या चाचणीपट्ट्या यांसाठी तो चालतो. घरातील कागदाचा गठ्ठा कूलरच्या झोतात येणाऱ्या कपाटात ठेवण्याची सवय नागपुरात फार आढळते आणि ती बंद करावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून कागद आडवा ठेवणे पुरेसे आहे.

हातकागद स्वस्त आणि देखणा असतो, परंतु त्यावरील लेप सगळीकडे सारखा असेलच असे नाही. खडबडीत खोडाचा, मुरमाड जमिनीचा भास देण्यासाठी तो उत्तम. घायपाताच्या गुळगुळीत पात्यासाठी मात्र मी तो सुचवणार नाही. तेथे बारीक पोताचा कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत) कागद अधिक सुरक्षित आहे. हॉट प्रेस्ड (गुळगुळीत) कागदावर काटे फार सुंदर निघतात, पण उन्हाळ्यात त्यावर वॉश सांभाळणे मुरलेल्या हातालाही जड जाते.

हिरवा रंग मळतो किंवा खोटा दिसतो

दुकानातून आणलेला सॅप ग्रीन थेट वापरला की निवडुंग पालेभाजीच्या रंगाचा दिसू लागतो. यामागील कारण वनस्पतीच्या त्वचेतच आहे. पाणी उडून जाऊ नये म्हणून घायपात, निवडुंग आणि त्यांच्यासारख्या अनेक वनस्पतींच्या अंगावर मेणाचा सूक्ष्म थर असतो. तो प्रकाश विखुरतो आणि खालचा हिरवा रंग निळसर, राखाडी, दुधाळ दिसतो. घायपाताच्या पात्यावरून एकदा अंगठा घासून पाहावा : घासलेल्या पट्टीत मेण निघून जाते आणि तेवढाच भाग गडद, ओलसर हिरवा दिसू लागतो. जे रंगवायचे आहे ते म्हणजे हे दोन रंग, एकावर एक. हाच प्रयोग फड्या निवडुंगावर उघड्या बोटाने मुळीच करू नये. त्याच्या काट्यांच्या बुडाशी केसासारखे बारीक, आकडेदार कुसळांचे झुबके असतात आणि ती कातडीत शिरली की चिमट्यानेही लवकर निघत नाहीत. शेराची फांदी तोडून पाहण्याचाही मोह धरू नये, कारण तिचा चीक डोळ्यांना घातक असतो.

रंगवण्याचा क्रमही त्वचेच्या या रचनेप्रमाणे ठेवावा. आधी संपूर्ण पात्यावर कोबाल्ट निळ्याचा अत्यंत पातळ, जेमतेम जाणवेल इतका थर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. त्यावर अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांच्या मिश्रणाचा दुसरा थर द्यावा, मात्र जेथे मेण दाट दिसते तेथे तो थर येऊच देऊ नये किंवा ओला असतानाच पिळलेल्या कुंचल्याने उचलून घ्यावा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि त्यांचा रवाळ पोत मेणाच्या धुरकटपणाशी छान जुळतो. सावलीचा भाग गडद करण्यासाठी काळा न घालता त्याच मिश्रणात बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) अगदी थोडा अंश मिसळावा. एका मिश्रणात तीनहून अधिक रंग घालू नयेत, हा नियम कडक वाटला तरी मळकटपणाची बहुतेक प्रकरणे त्यानेच मिटतात. बोअरच्या जड पाण्यात रवाळ रंगांचे कण काही वेळा गुठळ्या धरल्यासारखे खाली बसतात; तसे दिसल्यास आरओचे पाणी वापरून फरक पाहावा.

उन्हाळ्यात गच्चीवर आणि रोपवाटिकांत हिरवी शेडनेट लावलेली असते आणि तिच्याखाली बसून रंगवलेल्या चित्राचे रंग हमखास फसतात. गाळून आलेल्या हिरव्या उजेडात तांबूस छटा मंद दिसतात, म्हणून त्या नकळत जास्त घातल्या जातात, आणि चित्र घरात आणल्यावर सगळी कोरफड गंजल्यासारखी दिसते. शेडनेटखाली रेखाटन खुशाल करावे, रंग मात्र पांढऱ्या उजेडात कालवावेत.

गोल निवडुंगाला उठाव येत नाही

पिवळ्या काट्यांचा गोल निवडुंग, जो मूळचा मेक्सिकोतील असून आता आपल्याकडील प्रत्येक रोपवाटिकेत कुंडीत दिसतो, तो रंगवताना सर्व कंगोरे सारख्याच गडद रंगात भरले जातात आणि त्याची सपाट चकती होते. प्रत्येक कंगोऱ्याला स्वतःचा उजेड आणि स्वतःची सावली असते, पण संपूर्ण गोलाचीही एक मोठी सावली असते आणि आधी ती मोठी सावली घालावी लागते. त्यानंतर एक सोडून एक कंगोरे रंगवावेत, म्हणजे शेजारचे दोन ओले थर एकमेकांत वाहत नाहीत. एरवी छळणारी आपली कोरडी हवा या ठिकाणी मात्र मदतीला येते, कारण पहिली फेरी संपेपर्यंत सुरुवातीचे कंगोरे वाळलेले असतात.

कंगोऱ्यांची खोली ऋतूप्रमाणे बदलते, हेही लक्षात ठेवावे. पाणी साठवताना खोड फुगते आणि घड्या उथळ होतात. पाणी वापरले जाते तेव्हा त्याच घड्या खोल जातात. अमेरिका आणि मेक्सिको यांत पसरलेल्या सोनोरन वाळवंटातील प्रचंड सग्वारो निवडुंगातही हीच रचना काम करते. म्हणून पावसाळ्यात काढलेले छायाचित्र समोर ठेवून मे महिन्यातील कुंडीवरून सावल्या घेतल्या, तर चित्रातील कंगोरे एकमेकांशी जुळत नाहीत.

काटे बुजतात किंवा चिकटवल्यासारखे दिसतात

काट्यांचा पहिला दोष रेखाटनाचा असतो, रंगाचा नव्हे. निवडुंगाचे काटे अंगावर कोठूनही उगवत नाहीत. ते लहान, लवदार, उशीसारख्या ठिपक्यांतून झुबक्याने निघतात आणि हे ठिपके ठरावीक ओळींत असतात. गोल निवडुंगात ते कंगोऱ्याच्या धारेवर एकाखाली एक येतात, तर फड्या निवडुंगात एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या ओळींत येतात. आपल्या धुऱ्यांवर कुंपणासाठी लावले जाणारे त्रिधारी निवडुंग मात्र निवडुंगाच्या कुळातील नसून शेराच्या कुळातील आहेत आणि त्यांचे काटे जोडीजोडीने येतात. त्यांच्यावर पाच-सहा काट्यांचा झुबका काढला की जाणकाराला चित्र तिथेच खटकते. म्हणून आधी फिक्या पेन्सिलीने केवळ ठिपक्यांच्या ओळी आखाव्यात. फडीच्या कडेकडे जाताना हे ठिपके एकमेकांच्या जवळ येतात आणि पाहणाऱ्याच्या दिशेने येणारा काटा रेघेऐवजी जवळजवळ बिंदू दिसतो. एवढे सांभाळले तरी अर्धा उठाव आपोआप येतो.

दुसरा दोष मास्किंग फ्लुइडचा. हे रबराच्या चिकाचे द्रव्य असून काट्यांची जागा पांढरी राखण्यासाठी ते सोयीचे असते, पण उष्णतेत ते कागदाला घट्ट धरते आणि काढताना कागदाचा पापुद्रा सोबत येतो. ते लावलेला कागद उन्हात किंवा गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नये, हेअर ड्रायरने वाळवू नये, आणि काम आटोपले की त्याच दिवशी काढून टाकावे. बाटली हलवू नये, कारण फेसाचे बुडबुडे फुटून लेपात छिद्रे राहतात आणि काट्याच्या पांढऱ्या जागी रंगाचे ठिपके पडतात. कुंचल्याऐवजी बोरूच्या टोकाने किंवा कटनिबने ते लावल्यास रेघ बारीक येते. काट्याच्या बुडाशी निब टेकवून बाहेरच्या दिशेने झटकन उचलावी, म्हणजे टोक आपोआप निमुळते होते. कुंचलाच वापरायचा असेल तर जुना घ्यावा आणि आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्यावा.

मास्किंग काढल्यावर उरणारी पांढरी रेघ कडक आणि एकसारखी दिसते आणि काटे वरून चिकटवल्यासारखे वाटतात. तसेच सोडून देणे हीच सर्वांत सामान्य चूक आहे. प्रत्येक पांढऱ्या काट्याच्या बुडाशी पिवळसर किंवा तांबूस रंगाचा हलका स्पर्श द्यावा, सावलीच्या बाजूच्या काट्यांवर निळसर राखाडीचा पातळ थर फिरवावा आणि उजेडाकडील मोजकेच काटे निखळ पांढरे ठेवावेत. त्यानंतर काट्यांच्या पडछाया घालाव्यात. नागपूरच्या सकाळच्या तिरप्या उन्हात फडीवर पडणारी काट्याची छाया काट्याहून लांब असते आणि फडीच्या फुगवट्यावरून ती वाकत जाते. ही वाकडी छाया बरोबर पडली की काटा कागदापासून सुटा होऊन उभा राहतो. माझ्या मते एखाद्या झुबक्यातील दोन काटे गाळले तरी चालतील, पण उरलेल्यांच्या छाया गाळू नयेत.

मास्किंगशिवायही काटे काढता येतात. वॉश पूर्णपणे वाळल्यावर नव्या ब्लेडच्या टोकाने खरवडून अगदी बारीक चमकत्या रेघा मिळतात. थर जरा जरी ओला असला तरी खरवडलेल्या खाचेत रंग भरतो आणि रेघ पांढरी होण्याऐवजी काळी पडते. पार्श्वभूमी गडद आणि काटे कडेबाहेर आलेले असतील, तर काट्यांभोवतीची पार्श्वभूमीच कापत नेणे हा सर्वांत कष्टाचा, पण सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. पांढरे गव्हाश शेवटच्या टप्प्यात चालते, मात्र ते दाट असावे आणि एकदाच लावावे. त्यावर पुन्हा ओला कुंचला फिरला तर दुधट पट्टा पसरतो.

काळजी घ्यायच्या आणखी दोन गोष्टी

फड्या निवडुंगाच्या जांभळट लाल फळांसाठी आणि अडेनियमच्या गुलाबी फुलांसाठी पुष्कळ जण कारमाइन किंवा अलिझारिन क्रिमसन वापरतात. अस्सल कारमाइन हे या फड्यांवरच पोसल्या जाणाऱ्या कोचिनील किड्यापासून मिळते, म्हणून ते येथे शोभून दिसते खरे, परंतु दोन्ही रंग उजेडात उडतात आणि आपल्या घरांतील उजेड सौम्य नसतो. ट्यूबवरील रंगद्रव्याचा क्रमांक पाहून पीव्ही १९ किंवा पीआर १२२ असलेला क्विनॅक्रिडोन रंग घ्यावा. छटा जवळपास तीच मिळते आणि टिकते.

पावसाळा लागला की वरील सूचनांपैकी काही उलट्या कराव्या लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये ग्लिसरीन पूर्ण बंद करावे, कागद एकाच बाजूने आणि एकदाच ओला करावा, पंखा खुशाल चालू ठेवावा आणि दोन थरांमध्ये कागद हाताला गार लागत नाही याची खात्री होईपर्यंत थांबावे. या दिवसांत मास्किंग फ्लुइडही वरून कोरडे दिसले तरी आत ओले राहते, म्हणून वॉश देण्यापूर्वी त्याच्या सर्वांत जाड ठिपक्यावर नख टेकवून पाहावे. नखाला चिकटले तर अजून थांबावे.